सोनेरी तबकडीचा ताळा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कालपासून सगळे विचारताहेत, ‘अमेरिकेत निवृत्त झाल्यावर वेळ कसा घालवतोस?’ उत्तर दिलं की समोरचा हसतो. मी दुसऱ्यांना मिळालेली बक्षिसं जमवतो! शाळेत स्वतःला एकही मिळालं नाही, त्याची ही भरपाई असावी.

ही बक्षिसं म्हणजे ‘गोल्ड रेकॉर्ड’. 1942 साली ग्लेन मिलर या वादकाच्या ‘चॅटनूगा चू चू’ या गाण्याच्या बारा लाख प्रती खपल्या, तेव्हा आरसीए व्हिक्टर कंपनीने त्याला सोनेरी मुलाम्याची तबकडी भेट दिली. ती त्या कंपनीची घरगुती शाबासकी होती. 1958 मध्ये ‘रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका’ या संघटनेने हिशेब तपासून अधिकृत मान्यता द्यायला सुरुवात केली. पहिला मान पेरी कोमोच्या ‘कॅच अ फॉलिंग स्टार’ला मिळाला. अल्बमच्या दहा लाख प्रती खपल्या तर ‘प्लॅटिनम’, ही पायरी 1976 मध्ये आली. हे साल लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चौकटीतल्या तबकडीत सोनं नावापुरतंच असतं. गंमत अशी की पुष्कळदा ती तबकडी त्या गाण्यांचीही नसते. कारखान्यात हाताशी असेल तिला मुलामा द्यायचा आणि वर हवं ते लेबल चिकटवायचं. लेबलवर सहा गाणी आणि तबकडीवरचे पट्टे मोजावेत तर पाच! तरीही वस्तू अस्सल असते. शिवाय ही चौकट फक्त गायकाला मिळत नाही. रेडिओ केंद्रं, दुकानदार, कंपनीचे विक्रेते यांच्याही नावाच्या चौकटी कंपन्या करून घेत. मला त्याच जास्त आवडतात. गायकाचं नाव जगाला ठाऊक असतं. रेकॉर्डचे खोके घेऊन गावोगाव फिरलेल्या माणसाचं नाव मात्र त्या पितळी पट्टीवरच उरतं.

आता फजिती सांगतो. सहा वर्षांपूर्वी एका लिलावात मी एक प्लॅटिनम चौकट घेतली. पांढरं कापड, लाकडी चौकट, खाली संघटनेची मुद्रा, सगळं जुन्या पद्धतीचं. दोन महिन्यांची पेन्शन त्यात गेली. भिंतीवर लावली, शेजाऱ्यांना चहाला बोलावून दाखवली. पुढे वहीत नोंद करताना पट्टीवरचं साल लिहिलं, 1971, आणि पेन थांबलं. संघटनेचं प्लॅटिनम 1976चं. मग 1971च्या चौकटीवर तिची मुद्रा आली कुठून? कुणीतरी सफाईने केलेली नक्कल होती ती. विकणारा तोवर पत्ता बदलून गेला होता.

त्याच महिन्यात एक ओळखीचे गृहस्थ घरी आले आणि नेमकी तीच चौकट मागू लागले, मी दिली होती त्याच किमतीला. मी लगेच ‘नाही’ म्हणालो असं सांगितलं तर ते खोटं होईल. दोन दिवस मागून घेतले. मनात म्हटलं, मला कुणी सांगितलं होतं? त्यांना तरी कुठे कळणार आहे?

त्या दोन दिवसांत मला आपला गणिताचा तास आठवत राहिला. उत्तर बरोबर असलं तरी ताळा केला नसेल तर सर अर्धे गुण कापायचे. आणि ताळा जुळत नसताना जुळल्यासारखा लिहिला, तर वही खिडकीतून मैदानात! माझी दोनदा गेली आहे. उचलायला कोण कोण धावायचं ते तुम्हाला आठवतंच.

तिसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना फोन करून सगळं सांगितलं. पैसे गेले ते गेलेच. चौकटीच्या मागे मराठीत ‘नक्कल’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. आमच्यामागे मुलं ती विकायला काढतील तेव्हा पुन्हा कुणी फसू नये, म्हणून खाली इंग्रजीतही लिहिलं. ती अजून भिंतीवरच आहे. येणाऱ्यांना आधी तीच दाखवतो.

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगतो. उशीर झाला, पण ताळा केला. आता ते कापलेले अर्धे गुण परत द्या!