चहा, गवती चहा आणि आपण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला एवढीच सूचना केली होती की, विषय कोणताही घ्या, पण अनुभवाचे बोला. मी वैद्य नाही आणि शास्त्राचा अभ्यासकही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापड दुकानात गादीवर बसलो, त्याला आता चाळीस वर्षे उलटून गेली. कापडाखालोखाल या हातांनी आयुष्यात सर्वाधिक काय उचलले असेल, असा विचार केला तेव्हा चहाचा कप डोळ्यांसमोर उभा राहिला. म्हणून आज चहाविषयी बोलणार आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे, की जी मी अनेक वर्षे घरातही सांगितली नव्हती. ती योग्य वेळी सांगेन.

प्रथम मालाची ओळख करून देतो, कारण व्यापाऱ्याला तीच सवय. एकाच कापसापासून मलमल होते, लट्ठा होतो आणि मांजरपाटही होतो. चहाचे तसेच आहे. हिरवा चहा, काळा चहा, ऊलाँग, पांढरा चहा ही निरनिराळी झाडे नव्हेत. झुडूप एकच, फरक पडतो तो पान खुडल्यानंतरच्या प्रक्रियेने. खुडलेल्या पानाला लगेच उष्णता दिली की त्याचा हिरवेपणा टिकतो, तो हिरवा चहा. पान कोमेजवून, चुरडून हवेत पुरते तांबूस होऊ दिले की काळा चहा. ही क्रिया अर्ध्यावर थांबवली की ऊलाँग. आणि कोवळ्या कळ्या फारशा न हाताळता वाळवल्या की पांढरा चहा, जो आपल्या बाजारात क्वचितच दिसतो.

आपल्या घरोघरी येणारी दाणेदार पावडर म्हणजे ‘सीटीसी’ चहा. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करण्याचे हे यंत्र 1930 च्या सुमारास आसामातील अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी बनवले. या दाण्यांतून रंग आणि कडवटपणा झपाट्याने उतरतो, दूध घातले तरी चव दबत नाही आणि थोड्या पावडरीत बरेच कप होतात. दार्जिलिंगचा पानाचा चहा दुधात उकळणे म्हणजे तलम मलमलीचा पोतेरा करण्यासारखे आहे. तो गरम पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून, गाळून, दुधाविना प्यावा. हिमाचलातील कांगड्याचा चहाही असाच नाजूक. 1905 च्या भूकंपाने तेथील मळ्यांचे फार नुकसान झाले, पण चहा टिकून आहे. काश्मिरात एक चहा मीठ आणि सोडा घालून गुलाबी करतात; त्याचे मी एकदा दोन घोट घेतले आणि कप आदराने खाली ठेवला.

आता त्या गोष्टीकडे येतो.

आपल्या पेठेत दुकानदारी चहावर चालते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. लग्नाचा बस्ता बांधायला दहा माणसे आली की अकरा कप येतात, आणि अकरावा आपला असतो. ‘शेठ, तुम्ही घेत असाल तर घेऊ’ असे गिऱ्हाईक म्हणते. मग नाही कसे म्हणायचे? असे करता करता दिवसाला चौदा कप होऊ लागले. दुसऱ्याचा हिशेब पैशापर्यंत मांडणाऱ्या मला हा आकडा कधी मांडावासा वाटला नाही.

2009 च्या पर्युषणात सौभाग्यवतींनी अठाई करण्याचा संकल्प केला आणि मीही उत्साहाने त्यांच्याबरोबर आरंभ केला. पहिला दिवस कसाबसा गेला. संध्याकाळपासून डोके ठणकू लागले, रात्री उलट्यांची भावना झाली, झोप आली नाही. दुसऱ्या दिवशीही पच्चक्खाण घेतले आणि दुकानात जाऊन बसलो. दुपारी तीनच्या सुमारास नेहमीच्या मुलाने गिऱ्हाइकांचा चहा आणला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! त्याने सवयीने माझाही कप ठेवला. मी तो उचलला, मागच्या खोलीत गेलो आणि ताग्यांच्या थप्पीआड उभा राहून प्यालो. तो घोट मला विषासारखा लागला असे म्हटले तर सभा प्रसन्न होईल, पण ते असत्य ठरेल. तो अमृतासारखा लागला. अर्ध्या तासात डोके उतरले. घरी मात्र मी ताप आल्याचे सांगितले आणि तिसऱ्या दिवशी पारणे केले. सौभाग्यवतींची अठाई निर्विघ्न पार पडली. त्यांचा बहुमान झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.

पुढे महाराजसाहेबांपाशी आलोचना घेतली आणि त्याच दिवशी घरीही सांगितले. या वेळी मला आपल्या पुण्याची एक जुनी हकिकत आठवली. 1890 मध्ये पंच हौद मिशनमधील एका समारंभात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींपुढे चहा आला आणि त्या चहावरून केवढे ग्रामण्य माजले, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. थोरामोठ्यांना चहापायी प्रायश्चित्त घ्यावे लागले, असे मी मनाचे समाधान करून घेतले. पण ते काही खरे नव्हे. त्यांच्यावर रूढीने दोष ठेवला होता. माझा दोष माझ्याच जिभेचा होता.

माझा एक भाचा डॉक्टर आहे. त्याने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाला, “मामा, तुम्हाला भूक बाधली नाही, चहा बाधला.” चहात कॅफीन असते. रोज भरपूर घेणाऱ्याने ते अकस्मात बंद केले की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते. पहिले दोन दिवस सर्वांत कठीण जातात आणि हा त्रास कधीकधी आठवडाभरही राहतो. आपल्यातील कितीतरी मंडळी ‘मला उपवास झेपत नाही’ असे म्हणून दरवर्षी मागे सरतात. त्यांतील अनेकांना उपवास झेपत असावा, झेपत नसावे ते चहाविना राहणे, असे मला आता वाटते. अर्थात मधुमेह, रक्तदाब किंवा अन्य विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून तपश्चर्येला हात घालू नये.

त्या रात्री मी प्रथमच चहाचे खाते मांडले. भरल्या कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन धरतात. युरोपातील अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण सुरक्षित मानले. चौदा कपांचे कमीत कमी धरले तरी 420 होतात. साखर कपाला एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम धरली तर दिवसाला 70 ग्रॅम, महिन्याला दोन किलोंहून अधिक. एवढी साखर वाण्याकडून पोत्यातून आणली असती तर घरात कलह झाला असता. कपातून आली म्हणून कोणाच्या लक्षात आली नाही.

भाच्याने उपाय सांगितला तो सोपा होता. एकदम सोडू नका. दर चार दिवसांनी एक कप कमी करा आणि त्या जागी दुसरे काही गरम प्या. येथे आपला गवती चहा कामी आला. नाव चहा असले तरी त्याचा चहाच्या झुडपाशी काहीच संबंध नाही. ते सुगंधी गवत आहे आणि त्यात कॅफीन नाही. परसात एक गड्डा लावला तर वर्षभर पुरतो. ज्या दिवसांत हिरवी पाने वर्ज्य मानतो त्यांसाठी आधीच सावलीत वाळवून ठेवावा. आले आपल्याकडे कंदमूळ म्हणून चालत नाही, परंतु सुंठ चालते. सुंठ, वेलची आणि थोडा गूळ घालून उकळलेले पाणी दुपारच्या चहाची उणीव पुष्कळशी भरून काढते. पारण्याच्या दिवशी आपल्या आजी-पणजी सुंठ-गंठोड्याचा जो उकाळा देत, तोही याच कुळातला. 2020 च्या करोनाकाळात आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोन वेळा घेण्यास सुचवले, तेव्हा आमच्या घरी नवे काही आणावे लागले नाही. काहींनी तो पाच-सहा वेळा घेऊन छातीत जळजळ ओढवून घेतली, हा भाग वेगळा. ज्येष्ठमधही बेतानेच घ्यावे. त्याच्या अतिरेकाने रक्तदाब वाढतो.

बाजारातल्या पाकिटांविषयी दोन शब्द. ‘तुळस’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या पाकिटावर बारीक अक्षरांत अनेकदा हिरवा चहाही लिहिलेला असतो. हिरव्या चहात कॅफीन नसते हा समज चुकीचा आहे. काहींत मध असतो, जो आपल्याला वर्ज्य. तेव्हा गिऱ्हाईक जसे साडीचा पदर उलटून पाहते, तसे पाकीट उलटून पाहावे.

सुट्या पावडरीला कधीकधी रंग दिलेला असतो. कापडाचा रंग कच्चा की पक्का हे पाहण्यासाठी आम्ही ओला पांढरा रुमाल घासून पाहतो. चहाची परीक्षाही तशीच आहे. टिपकागदावर चिमूटभर पावडर पसरावी, वर पाणी शिंपडावे, मग कागद नळाखाली धुऊन उजेडात धरावा. शुद्ध पावडरीने कागदावर डाग पडत नाही. रंगवलेली असेल तर डाग लगेच उमटतो.

भगिनींना एक विशेष विनंती आहे. जेवण झाल्याबरोबर चहा घेऊ नका. आपल्या शाकाहारी अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास चहातील कषाय द्रव्ये अडथळा आणतात. माझ्या सुनेचे हिमोग्लोबिन सतत कमी भरत असे. डॉक्टरांनी औषधाबरोबर ही एक गोष्ट बदलायला सांगितली, जेवण आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर. घरात कोणालाच ही बाब ठाऊक नव्हती, आणि जेवणानंतरचा तो चहा बहुधा माझ्यासाठीच होत असे.

2010 मध्ये मी पर्युषणाच्या दोन महिने आधी कप कमी करू लागलो. गिऱ्हाईक रुसेल ही भीती होती. एकही रुसले नाही. उलट काही जण ‘शेठ, आम्हालाही तेच द्या’ म्हणू लागले. त्या वर्षी मी तीन उपवास केले आणि 2011 मध्ये अठाई पूर्ण झाली. डोके दुखले नाही. भूक मात्र लागली, आणि ती भूक आहे हे मला प्रथमच ओळखता आले. आज मी दोन कप चहा घेतो, एक नवकारशीनंतर आणि एक दुपारी. ते दोन सोडण्याचा विचार अद्याप केलेला नाही, हेही प्रांजळपणे सांगतो.

संयोजकांनी बाहेर मंडपात दोन पिंपे ठेवली आहेत. डावीकडच्या पिंपात नेहमीचा चहा आहे, आले न घातलेला. उजवीकडच्या पिंपात सुंठ आणि गवती चहाचा उकाळा आहे. गवती चहा आमच्या परसातला, वाळवलेला. सूर्यास्ताला अजून पाऊण तास अवकाश आहे, तेव्हा आपणास अधिक वेळ येथे बसवून ठेवत नाही. जय जिनेंद्र.