मुले परदेशी पाठविताना

(मंडळाच्या पालकमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हांला नेमून दिलेला विषय नेहमीपेक्षा जरा निराळा आहे. शाळेतील मुलांची तुकडी शिक्षकांसमवेत परदेशी न्यावयाची, काही दिवस डोंगरांतून पायी हिंडवावयाची आणि उरलेले दिवस एखाद्या खेड्यात सेवाकार्यास लावावयाची, असा एक प्रघात अलीकडे रूढ झाला आहे. इंग्लंडातील शाळांनी तो गेल्या शतकाच्या अखेरीस चांगलाच रुळविला. आता आपल्या मुलांच्या दप्तरांतूनही नेपाळच्या सफरीची पत्रके घरी येऊ लागली आहेत. पाठवावे की न पाठवावे, असे आपल्यापैकी कित्येकांनी आम्हांला विचारले.

मूल परदेशी धाडण्याचा पेच कुंभकोणमला नवा नाही. येथील टाउन हायस्कूलचे विद्यार्थी श्रीनिवास रामानुजन १९१४ साली केंब्रिजला निघाले, ते आईची संमती मिळाल्यावरच. त्या काळी समुद्र ओलांडल्याने धर्म बुडेल अशी भीती होती. आजची भीती वेगळी आहे, आणि आमच्या मते ती अधिक खरी आहे. १६ जुलै २००४ रोजी याच गावातील एका शाळेला आग लागून ९४ बालके दगावली. झावळ्यांचे छप्पर, अरुंद जिना आणि जवळच पेटलेली स्वयंपाकाची चूल, एवढेच त्या अनर्थाला पुरले. त्या सकाळी त्या आयांनी आपली मुले परदेशी नव्हे, गावातल्या गावात पाठविली होती. म्हणून या गावात राहणाऱ्या पालकाने शाळेला चार प्रश्न अधिक विचारले, तर तो शिक्षकांचा अनादर होत नाही. गुरुजनांना कसे विचारावे, हा आपला मराठमोळा संकोच अशा वेळी घरी ठेवावा.

इंग्रजांनीही हा धडा किंमत मोजूनच घेतला. मार्च १९९३ मध्ये लाइम बे येथे नौकाविहारास नेलेले चार विद्यार्थी समुद्रात मृत्युमुखी पडले. त्यानंतर अशी केंद्रे चालविणाऱ्यांसाठी १९९५ साली तेथे कायदा झाला. पुढे २००७ साली परदेशी मोहिमांसाठी एक ब्रिटिश मानक निघाले. त्याला क्रमांक दिला ८८४८, म्हणजे एव्हरेस्टची मीटरमधील उंची! आम्हां सरकारी माणसांना फायलीच्या क्रमांकात एवढी रसिकता कधी सुचली नाही.

उंचीचाच विषय निघाला, तर तो थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. कावेरीच्या काठची आपली मुले जवळजवळ समुद्रसपाटीवर वाढलेली. काठमांडूहून विमानाने लुक्ल्याला उतरले की ती एकदम २,८०० मीटरांवर जाऊन पोहोचतात. तेथून दोन दिवस चालले की नामचे बाजार, सुमारे ३,४०० मीटर. विरळ हवेची सवय शरीराला सावकाश होते. म्हणून ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा ५०० मीटरांहून अधिक चढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा जाणकारांचा दंडक आहे. डोके दुखू लागले, ओकारी आली, तर वर चढणे थांबवावे. तोल जाऊ लागला, तर तत्काळ खाली उतरावे. यांत अंगाच्या धडधाकटपणाचा काही संबंध नाही. खेळात पहिला येणारा मुलगाही आजारी पडतो. किंबहुना तोच डोकेदुखी लपवितो, कारण मित्रांपुढे मागे राहणे त्याला साहवत नाही. तेव्हा पत्रकातील बर्फाच्छादित शिखराचे चित्र बाजूला ठेवून दिनक्रमाचे पान उघडावे. विसाव्याचे दिवस किती आहेत? एका मुलाला खाली आणावे लागले, तर त्याच्याबरोबर कोण उतरणार आणि उरलेल्यांजवळ कोण राहणार? याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याच्या हाती आम्ही आपले मूल देणार नाही.

आता सेवेचे. येथे आमचे मत कदाचित काहींना कठोर वाटेल. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने आपल्या शेजारच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे नेली. साऱ्या देशातून मदतीचा ओघ सुरू झाला, आणि त्याबरोबर जुन्या कपड्यांचे ढीगही आले. ते कपडे कोळी बांधवांनी घेतले नाहीत. रस्त्याच्या कडेला ते कुजत पडले. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु ज्यांना द्यावयाचे, त्यांना काय हवे हे कोणी विचारलेच नव्हते.

याउलट खुमजुंगची हकिकत पाहावी. एव्हरेस्ट चढून आल्यावर सर एडमंड हिलरींनी आपल्या शेर्पा सोबत्यांना, तुमच्यासाठी काय करू, असे विचारले. त्यांनी शाळा मागितली. १९६१ साली खुमजुंगला शाळा उभी राहिली, आणि नंतर त्या मुलखात आणखी शाळा आणि रुग्णालयेही झाली. मागणी गावाची होती, म्हणून ते काम टिकले.

मग आठ दिवसांसाठी आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांनी रंगविलेल्या भिंतीचे काय? गावात रंगारी असता ती भिंत पोरांकडून रंगविणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे होय. आणि अनाथालयाची भेट कार्यक्रमात असेल, तर आम्ही स्पष्टच सांगतो, ती गाळावयास सांगावी. नेपाळातील अशा संस्थांतील बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात असतात. पाहुण्यांच्या देणग्यांसाठी खेड्यातून मुले आणून ठेवण्याचा धंदा काहींनी मांडला आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफनेही याबाबत सावध केले होते. आपल्या मुलीने चार दिवस लळा लावून निघून यावे, आणि मागे राहिलेल्या लेकराने पुढच्या तुकडीची वाट पाहावी, याला सेवा म्हणवत नाही.

आपल्या तंजावरच्या सरफोजी महाराजांना ही दृष्टी होती. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांचे वर्णन त्यांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात केले आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूला तेथे अन्न मिळे, आजाऱ्याला वैद्य मिळे, अडलेल्या गरोदर स्त्रीची व्यवस्था होई, पोरक्या मुलांना शिक्षक असे. वाटसरूला वाटेत जे लागते तेच तेथे होते. छत्रात उतरलेल्या पाहुण्याने छत्रावर उपकार केल्याचा आव आणावा, असे मात्र तेथे कोणाला सुचले नसेल.

आमचे म्हणणे सफरीविरुद्ध नाही. नेपाळच्या खेड्यात मुलाने जावे. पाणी कोठून आणतात, सरपण कोण वाहते, तेथली मुले शाळेला किती चालतात, हे पाहावे. यजमानांच्या शेतात त्यांच्याबरोबर, त्यांच्या सांगण्यावरून राबावे. बाबा आमटे यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथला युवकांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तेथे हीच रीत होती. कुष्ठमुक्त माणसांनी कसलेल्या त्या भूमीवर शहरातली पोरे कुदळ-फावडे घेऊन उतरली, तेव्हा कोण कोणाला शिकवीत होते, हे वेगळे सांगावयास नको. आपली मुले मोठी झाली की त्यांनी तेथेही जावे. जाण्यायेण्याचा खर्च नेपाळच्या मानाने काहीच नाही, आणि ज्यांचे मराठी बोलणे कुंभकोणमात राहून थोडे मागे पडले आहे, त्यांना तोही लाभ होईल.

ज्यांच्या घरी पत्रक आले आहे, त्यांनी ते आज बरोबर आणावे, असे चिटणिसांनी कळविले होतेच. चहा झाल्यावर आपण मागच्या खोलीत बसू आणि दिनक्रमाचे पान ओळीने वाचू. विम्याचे कलम बारीक अक्षरांत असते. चष्मा विसरला असेल, तर आमचा आहे.