वृद्धांची काठी
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त सव येथें झालेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें मंदिराचा इतिहास सांगावा, अशी रीत आहे. परंतु तो इतिहास ज्यांनीं आपल्या हातांनीं घडविला, ते आज या मांडवांत फारसे दिसत नाहींत. कोणाचे गुडघे चालत नाहींत, कोणाला ऐकूं येत नाहीं, कोणाला उंबरठा ओलांडावयास आधार नाहीं. मुलें मुंबईस अथवा पुण्यास, नातवंडें त्यांच्याबरोबर. आणि मागें घरांत एक म्हातारें माणूस व एक चूल. या माणसांस स्वतःच्याच घरांत मानानें राहतां यावें म्हणून जीं साधनें निघालीं आहेत, तीं आपण त्यांस कशीं द्यावीं, एवढाच माझा आजचा विषय आहे.

साधन म्हटलें कीं कांहीं जणांस तें नवें खूळ वाटतें. आमच्या आजोबांना कोठें होतें हें सारें, असें ते विचारतात. होतें कीं! त्यांच्या हातांत काठी होती. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांत याकोबाचें शेवटचें चित्र असेंच आहे: मरणोन्मुख कुलपति नातवांस आशीर्वाद देतो आणि आपल्या काठीवर टेकून देवाची आराधना करतो. काठीमुळें त्याचा मान कमी झाला, असें पत्रलेखकास वाटलें नाहीं. उलट त्याचा पिता इसहाक पाहा. दृष्टि गेली, हातानें चाचपून मुलगा ओळखण्याची पाळी आली, आणि घरच्याच माणसांनीं त्यास फसविलें.

चष्म्याची हकीकत तर ख्रिस्तसभेच्या अंगणांतलीच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलींत चष्मा निघाला. १३०६ सालीं जॉर्दानो नांवाच्या दोमिनिकन धर्मगुरूनें फ्लॉरेन्स येथील प्रवचनांत सांगितलें कीं, ही विद्या निघून अद्याप वीस वर्षेंही झालीं नाहींत. त्याच काळीं पिसा येथें आलेस्सांद्रो देल्ला स्पिना नांवाचा दोमिनिकन बंधु होता. ज्यानें प्रथम चष्मा केला तो मनुष्य आपली कृति कोणास सांगेना. या बंधूनें मात्र ती वस्तु स्वतः करून पाहिली आणि आनंदानें सर्वांस दिली, अशी त्याच्या मठाच्या बखरींत नोंद आहे. पुढें १३५२ सालीं त्रेव्हीझो येथील भिंतीवर एका चित्रकारानें कार्डिनल ह्यू यांस चष्मा लावून लिहीत बसलेले दाखविलें. गंमत ही कीं, चष्मा निघण्यापूर्वींच ते कार्डिनल निवर्तले होते!

आतां आपल्या गांवाकडे येतों. पुढील हकीकत जिची आहे तिच्या संमतीनेंच सांगत आहें. आपल्यांतील एक वृद्ध बाई एकटी राहते. तिच्या मुलानें मुंबईहून एक लहानसें यंत्र आणलें. तें ताइताप्रमाणें गळ्यांत घालावयाचें. पडझड झाल्यास बटण दाबलें कीं मुलाच्या मोबाईलवर घंटा वाजते. मुलगा गुणी, त्यानें आपल्या परीनें काळजीच घेतली. मींही त्या यंत्रास आशीर्वाद दिला आणि "आई, हें रात्रंदिवस गळ्यांत असूं द्या" असें बजावलें. दोन दिवसांनीं तें जपमाळेशेजारीं खिळ्यास लटकत होतें. "फादर, गुरासारखी घंटा बांधून घेतल्यावांचून मला माझ्या घरांत राहतां यावयाचें नाहीं काय?" असें ती म्हणाली. मीं हंसून विषय सोडला.

आषाढांतील एका रात्रीं ती परसांत पडली. शौचकूप घरामागें, वाटेवर शेवाळ, वीज गेलेली. पहांटे शेजारीण गोठ्याकडे येईपर्यंत ती भिजत पडून होती. मांडीचें हाड मोडलें. यंत्र गळ्यांत असतें तरी उपयोग नव्हता, कारण त्या रात्रीं मोबाईलला रेंजच नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं मी तिला पवित्र कम्युनियन देण्यास जात असें. पडवींत बसे, प्रार्थना करी, चहा घेई आणि परत येई. ही बाई रात्रीं उठून कोठें जाते, कशी जाते, हें मीं एकदांही विचारलें नाहीं. मागील दार उघडून पाहिलें नाहीं. घंटा देतांना मी पुढें होतों. वाट पाहावयास कोणीच नव्हतें.

इस्पितळांतून ती घरीं आल्यावर मात्र मीं विचारलें, "आतां काय हवें?" ती म्हणाली, "घंटा नको, फादर, कठडा द्या."

मागील दारापासून शौचकूपापर्यंत लोखंडी नळीचा कठडा बसविला. रात्रीकरितां पलंगाशेजारीं कमोडची खुर्ची ठेवली आणि वीज गेली तरी जळणारा बॅटरीचा दिवा भिंतीस लावला. नवल असें कीं, त्यानंतर तिनें तें यंत्रही गळ्यांत घातलें. कोणी सांगितलें नव्हतें.

तेव्हांपासून मी लोकांच्या काठ्या पाहत असतों. आपल्या सवच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांवर सांधे शेकावयास येणाऱ्या वृद्धांच्या काठ्या बहुधा दुसऱ्याच कोणाच्या मापाच्या असतात. नवरा गेला, त्याची काठी बायकोनें घेतली. पायांत वाहाण घालून ताठ उभें राहावें, हात सैल सोडावा. मनगटाच्या घडीपाशीं काठीची मूठ यावी. खालचें रबर झिजलें कीं बदलावें, नाहीं तर ओल्या फरशीवर काठीच माणसास पाडते. चाकांची खुर्ची आणण्यापूर्वीं दाराची रुंदी मोजावी व पायऱ्या मोजाव्या. श्रवणयंत्र लावल्यावर पहिले कांहीं आठवडे भांड्यांचा आवाजही असह्य होतो. तेवढ्यावरून तें पेटींत ठेवूं नये. आणि कोणी घरांत कॅमेरा बसविणार असेल, तर त्यानें आधीं आईस विचारावें. घर तिचें आहे.

पैशांची अडचण खरी आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ सालीं निघाली. तींत गरीब वृद्धांस काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रें, चष्मे, कवळ्या देण्याची सोय केली. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. ६५ वर्षांवरील, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आंत असलेल्या वृद्धांच्या बँकखात्यांत अशा साधनांसाठीं एकदां ३,००० रुपये देण्याचें तींत ठरलें. कागदपत्रें गोळा करणें वृद्धांस एकट्यानें जमत नाहीं. तेथें आपल्या तरुणांचें काम आहे.

एक गोष्ट मला विसरतां येत नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड पाण्याखालीं गेलें आणि तळीये येथें दरड कोसळून ८० हून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर तिसऱ्याच दिवशीं, २५ जुलैस, पोप फ्रान्सिस यांनीं ठरविलेला आजीआजोबांचा व वृद्धांचा पहिला जागतिक दिन होता. त्या पुरांत वीज गेली होती, फोन बंद पडले होते. अशा वेळीं गळ्यांतलें यंत्र मुकें होतें. अंथरुणावरचा म्हातारा कोणत्या घरांत आहे हें शेजाऱ्यास ठाऊक असेल, तरच त्यास खांद्यावर घेऊन बाहेर काढतां येतें.

म्हणून मांडवाच्या दाराशीं आज एक वही ठेवली आहे. आपल्या वाडींत एकटें कोण राहतें, कोणास चालतां येत नाहीं, हें तींत लिहावें. येत्या रविवारीं मिस्सेनंतर चार तरुण मोजमापाची फीत घेऊन माझ्याबरोबर निघतील, आणि आम्हीं मागील दारानें येऊं. ती बाई आज पहिल्या रांगेंत बसली आहे. मघाशीं तिनें मला जवळ बोलावून सांगितलें कीं, तिच्या वॉकरच्या एका पायाचें रबर झिजलें आहे. तें सायंकाळपूर्वीं बदलावयाचें आहे.