कुत्रा दोरी ओढतो? पट्टा असा निवडा, सवय अशी लावा



बैलाची वेसण कशी असावी, वासराचं दावं किती लांब असावं, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. पण कुत्र्याच्या गळ्यात मात्र हाताला येईल ती दोरी बांधली जाते. मग कुत्रा ओढतो, आपण उलट ओढतो आणि गावातून एक फेरी मारेपर्यंत दोघेही दमतात. आजचा विषय आहे हे ओढणं थांबवण्याचा.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत पुष्कळ घरी कारवान जातीचा कुत्रा पाळतात. काहींकडे कानाला व शेपटीला रेशमी केस असलेला पश्मी असतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांच्याबरोबर हे कुत्रेही हौसेने आणले जातात. हा कुत्रा नजरेने सावज हेरणारा आणि नजर पडताच सुटणारा. धुऱ्यावर ससा हलला की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. त्याच्या अंगातला हा गुण आहे, खोड नव्हे. परंतु दोरीला हिसका बसतो तो याच गुणामुळे.

अशा हिसक्याने काय होतं बघा. म्हातारं माणूस किंवा लहान मूल दोरी धरून असेल तर ते पडतं. पट्टा निसटला तर कुत्रा रस्त्यावर, ट्रकखाली जातो. शेजाऱ्याच्या शेळीमागे लागला तर भांडण घरी येतं. सशामागे किंवा काळविटामागे लागला तर आणखी कठीण. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि कुत्रा सोडून ससा धरणं हीसुद्धा शिकारच होय. शिवाय खुद्द कुत्र्याचा गळा! बारीक दोरी श्वासनळीवर रुतते. रोज असं झालं की कुत्रा खोकतो, घरघर करतो, ओढताना त्याचे डोळे लाल होतात. ही लक्षणं दिसली तर गळ्याचा पट्टा बंद करा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

आता पट्ट्याची निवड. कारवानाचं डोकं निमुळतं आणि मान लांब असते. डोक्याचा घेर मानेपेक्षा फारसा मोठा नसतो. त्यामुळे साधा पट्टा, कुत्र्याने मागे रेटा दिला की, कानावरून सहज निघून येतो. म्हणून या जातीला दीड ते दोन इंच रुंद पट्टा घ्यावा. चामड्याचा असेल तर मऊ केलेला, आतून कापडाचं अस्तर लावलेला असावा. सुती नवारीचा पट्टाही चांगला. याचं कातडं पातळ आणि केस आखूड, म्हणून कडक कडा लगेच घासते. पट्टा मानेच्या वरच्या भागात, कानांच्या मागे बसावा. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जावीत. तीन-चार जात असतील तर तो सैल आहे.

दुकानात मार्टिंगेल नावाचा एक पट्टा मिळतो. त्याला दोन कड्यांतून ओवलेली एक लहान पट्टी असते. कुत्र्याने ओढलं की पट्टा थोडा आवळतो, पण एका हद्दीपलीकडे आवळत नाही. निमुळत्या डोक्याच्या कुत्र्याला तो सोयीचा, कारण निसटत नाही. पुरता आवळल्यावरही त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकू नयेत, एवढा तो मापाचा असावा. घरी बांधून ठेवताना मात्र हा पट्टा काढून साधा घालावा.

जो कुत्रा फार ओढतो किंवा खोकतो, त्याला छातीचा पट्टा घालावा. दुकानात त्याला हार्नेस म्हणतात. बैल गळ्याने नव्हे, खांद्याने ओढतो, हे आपल्याला ठाऊक आहे. छातीच्या पट्ट्यात जोर असाच छातीवर व खांद्यावर येतो आणि गळा मोकळा राहतो. घेताना एक बघा. दोरी लावण्याची कडी फक्त पाठीवर असेल तर कुत्र्याला उलट ओढायला बळ मिळतं. कडी छातीच्या पुढच्या बाजूला असेल तर ओढताच त्याचं अंग आपल्याकडे वळतं आणि जोर मोडतो. पट्टा काखेत घासतो का, तेही तपासा.

तोंडावर बसणारी म्होरकीही मिळते. गुराला म्होरकीने वळवतो, तसंच हे काम आहे. ती जाळी नव्हे. तोंड उघडता आलं पाहिजे, धापा टाकता आल्या पाहिजेत. पण कारवानासारखा एकदम झेपावणारा कुत्रा म्होरकीत अडकला तर मानेला जबर झटका बसतो. म्हणून तिची आधी घरात सवय लावा, दोरी आखूड धरा आणि स्वतः हिसका कधी देऊ नका.

काय घेऊ नये, तेही ऐका. फासासारखी आवळत जाणारी साखळी घेऊ नये. तिला थांबायची हद्दच नसते. आतल्या बाजूला दाते असलेला पट्टाही नको. तुम्ही म्हणाल, धनगराच्या कुत्र्याला खिळ्यांचा पट्टा असतोच की! असतो, पण त्याचे खिळे बाहेरच्या बाजूला असतात. लांडग्याने गळा धरू नये म्हणून ते आहेत. कुत्र्याचं रक्षण करणारा खिळा वेगळा आणि कुत्र्यालाच टोचणारा वेगळा. टोचल्याने कुत्रा भितो, चिडतो. समोर माणूस असताना टोचलं तर त्या माणसाचाच राग धरतो, आणि पुढे चावण्याची वेळ येते.

आता मुख्य गोष्ट. पट्टा कितीही चांगला घेतला, तरी तो कुत्र्याला फक्त धरून ठेवतो, शिकवत नाही. शिकवायचं काम आपलं आहे. गोऱ्ह्याला औताची सवय लावताना आपण पहिल्या दिवशी नांगराला जुंपत नाही. तसंच इथेही करावं.

पहिले चार दिवस अंगणात किंवा आखाड्यावर, जिथे गडबड नाही तिथे, पाच ते दहा मिनिटं चालवा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. खिशात भाकरीचे किंवा उकडलेल्या अंड्याचे लहान तुकडे ठेवा. कुत्रा दोरी सैल ठेवून तुमच्या पायाजवळ चालला की लगेच एक तुकडा द्या आणि शाबासकी द्या. दोरी ताणली की जागच्या जागी थांबा. ओढू नका, ओरडू नका, मारू नका. कुत्रा मागे वळून दोरी सैल करील, त्या क्षणी पुढे चला. थांबूनही तो ऐकत नसेल तर शांतपणे वळून उलट दिशेने चाला. ओढलं की वाट बंद आणि सैल ठेवलं की वाट सुरू, एवढा एकच धडा त्याला द्यायचा आहे.

अंगणात जमलं की पांदणीने न्या. मग गावातल्या गल्लीत, आणि सर्वांत शेवटी बाजारात किंवा यात्रेत. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळावा. बाप थांबतो आणि मुलगा ओढत नेऊ देतो, असं झालं तर कुत्रा काहीच शिकत नाही. काही जण म्हणतात, शिकारी जात शिकत नाही. तसं नाही. कारवानाच्या जवळचा मानला जाणारा कर्नाटकातील मुधोळ कुत्रा 2016 साली लष्कराने मीरतच्या आपल्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतला होता.

मात्र या कुत्र्याला पळायलाही हवं. दिवसभर बांधलेला कुत्रा सोडताच ओढणारच. कुंपण असलेल्या मळ्यात रोज मोकळं पळू द्या. कुंपण नसेल तर लांब दोरी लावा, पण ती छातीच्या पट्ट्याला, गळ्याच्या नव्हे. पळून आलेली लांब दोरी गळ्याला हिसका देते तेव्हा मान मोडण्याचं भय असतं. जनावर फार आखूड किंवा फार जड साखळीने गैरवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे दोन्ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे आहेत. उन्हाळ्यात फेरी दिवस उगवायच्या सुमारास करावी. डांबर तापलं की पंजे पोळतात.

पिल्लाविषयी एक सूचना. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला हलका पट्टा घालून सवय लावावी, पण दर आठवड्याला दोन बोटं घालून बघावं. पिल्लू वाढतं, पट्टा वाढत नाही. विसरलेला पट्टा कातड्यात रुततो, जखम होते आणि पावसाळ्यात तीत किडे पडतात.

जाता जाता लक्षात ठेवण्याच्या चार गोष्टी:

1. दोरीचा फेर मनगटाला कधीही गुंडाळू नका. कुत्र्याने झेप घेतली तर हात निखळतो.
2. बाहेर पडण्यापूर्वी बक्कल, कडी आणि शिवण ओढून पाहा.
3. पट्ट्यावर गावाचं नाव व फोन नंबर असलेला बिल्ला लावा. सुटलेला कुत्रा परत मिळतो.
4. पिसाळीची लस तिसऱ्या महिन्यात टोचून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. चांगला पट्टा आहे म्हणून लस टाळू नका.

देवणी आणि लाल कंधारी ही आपल्या भागाची गुरं आपण मायेने सांभाळतो. त्यांच्या गोठ्याची राखण करणाऱ्या कुत्र्याच्या गळ्याचीही तेवढीच काळजी घ्या.