अनुभव, संवाद आणि लोकशाहीचें शिक्षण



मत देतां आलें म्हणजे लोकशाही आली, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु मतदानाचा दिवस पांच वर्षांनीं उजाडतो. मधल्या दिवसांचें काय? अमेरिकन तत्त्ववेत्ते जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांनीं १९१६ सालच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथांत लोकशाही ही राज्यपद्धतीपेक्षां अधिक कांहीं, एकत्र जगण्याची रीत आहे, असें प्रतिपादिलें.

शाळेसाठीं बांकें घ्यावयास ते एकदां दुकानोदुकानीं हिंडले. मनाजोगीं मिळेनात. अखेर एका चाणाक्ष दुकानदारानें सांगितलें कीं, तुम्हांस मुलांना काम करण्याजोगीं बांकें हवीं आहेत, आणि हीं सारीं तर केवळ ऐकण्यासाठीं केलेलीं! (आपल्या लहानपणींचीं बांकें तरी कोणत्या जातीचीं होतीं?)

१८९६ सालीं शिकागो विद्यापीठांत ड्यूईंनीं प्रयोगादाखल शाळा काढली. तेथें मुलें सुतारकाम, स्वयंपाक, विणकाम करीत. एकदां कांहीं मुलांनीं कापसाच्या बोंडांतली सरकी हातांनीं काढून पाहिली. अर्धा तास खपूनहि औंसभर रुई हातीं लागली नाहीं. आपल्या पूर्वजांनीं सुताऐवजीं लोकर कां जवळ केली, हें त्यांचें त्यांनाच उमगलें. असा अनुभव दुसऱ्यास सांगावयाचा तर तो दुसऱ्याच्या बाजूनें पाहावा लागतो. म्हणून ऐकणाऱ्याबरोबर सांगणाराहि बदलतो. ड्यूईंच्या मतें संवाद तो हाच. घोकलेलें म्हणून दाखविणें हा संवाद नव्हे.

या विचाराला आपल्या देशांत फार जड अर्थ आला. १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे ड्यूईंचे विद्यार्थी होते. हेच आंबेडकर लहानपणीं साताऱ्याच्या शाळेंत घरून नेलेल्या गोणपाटावर निराळे बसत. शिपायानें नळ सोडल्यावांचून त्यांना पाणी मिळत नसे. धडा सर्वांना एकच, पण एकाची तहान शेजारच्यास ठाऊक नाहीं! अशा वर्गांतून परीक्षा उत्तीर्ण होणारे निघतील. शेजारधर्म जाणणारे निघतील काय?

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या १९३६ सालच्या अधिवेशनासाठीं लिहिलेल्या अध्यक्षीय भाषणांत आंबेडकरांनीं आपल्या या गुरूचें ऋण मोकळेपणीं मानलें. जात माणसांना सामाईक कार्यांत एकत्र येऊं देत नाहीं, म्हणून त्यांचा एक समाज होत नाहीं, असें त्यांनीं त्यांत मांडलें होतें. भाषणांतील मजकूर मंडळास रुचला नाहीं. अधिवेशनच रद्द झालें. तेव्हां आंबेडकरांनीं एकहि शब्द न गाळतां तें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें.