ससून हॉस्पिटल ते एझरा स्ट्रीट

(कोलकात्यातील आपल्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणिसांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत. त्यानंतर मुलांची नाटिका आणि मग आरती आहे, म्हणजे मी लांबलो तर मुलंच मला खाली उतरवतील. विषय कळल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "अहो, गणपतीत ज्यू व्यापाऱ्यांचं काय काढलंत?" त्याचं उत्तर माझ्या आईपासून सुरू होतं.

माझं लहानपण पुण्यात रास्ता पेठेत गेलं. मी सात वर्षांचा असताना धाकट्या भावाला घटसर्प झाला. वडिलांचा पगार बेताचा. त्याला ससूनमध्ये नेलं आणि तो वाचला. पुढे स्टेशनकडे जाताना ससूनची इमारत दिसली की आई रिक्षातूनच हात जोडायची. ससून हे एखाद्या माणसाचं नाव असेल असं आम्हा मुलांना वाटलंच नव्हतं. ससून म्हणजे दवाखाना, लाल देऊळ म्हणजे कॅम्पातलं ते उंच मनोऱ्याचं ज्यू मंदिर. त्या लाल देवळाच्या आवारात ज्याची कबर आहे, त्याच डेव्हिड ससूननं दवाखान्यालाही पैसा दिला, हे मला कळलं कोलकात्यात. तेही बल्ब आणायला गेलो असताना!

बदली होऊन इथं आलो त्या वर्षी दिव्यांच्या माळा घ्यायला एझरा स्ट्रीटला गेलो होतो. तुम्ही सगळे जाता. परतताना ब्रेबोर्न रोड आणि कॅनिंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, दुकानांच्या गर्दीमागे एक लाल विटांची, उंच मनोऱ्याची इमारत दिसली. मला ते चर्च वाटलं. आत गेल्यावर कळलं की ते मॅगन डेव्हिड सिनेगॉग. उघडून दाखवणारा राखणदार मुसलमान, मूळचा ओरिसाचा. वडिलांनंतर मुलगा असं हे काम त्या घरांत चालत आलं आहे. त्यानं सांगितलं, "एलियास डेव्हिड एझरा साहेबांनी बापाच्या आठवणीसाठी बांधलं." साल १८८४.

मला पुण्याचं लाल देऊळ आठवलं आणि मी शोधाला लागलो. मी काही इतिहासकार नाही, बँकेतला माणूस. पण खाती जुळवायची सवय आहे.

पहिली अडचण नावांची. डेव्हिड जोसेफ एझरा, एलियास डेव्हिड एझरा, डेव्हिड एलियास एझरा. सगळी एकसारखीच! इंग्रजी पुस्तकं वाचताना डोकं चक्रावायचं. एके दिवशी लक्षात आलं, अरे, ही तर आपलीच पद्धत. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. आणि नातवाला आजोबांचं नाव. जोसेफचा मुलगा डेव्हिड, हा १८८२ साली वारला. त्याचा मुलगा एलियास, त्यानं सिनेगॉग बांधलं. त्याचा मुलगा पुन्हा डेव्हिड, हे सर डेव्हिड एझरा. धर्मतल्ल्याला एस्प्लनेड मॅन्शन्स दिसते ना, ती त्यांनी बांधली. मुंबईकडेही तेच. एलियास ससूनचा मुलगा जेकब एलियास ससून, त्यानं मुंबईत फोर्टमधलं सिनेगॉग बापाच्या नावानं बांधलं, तेही १८८४ सालीच. इंग्रज लेखकाला जो गुंता वाटतो तो मराठी माणसाला रेशनकार्डासारखा वाचता येतो.

आता मूळ पुरुषाकडे येतो. डेव्हिड ससूनचा जन्म १७९२ साली बगदादला झाला. वडील तिथल्या पाशांचे खजिनदार. दाऊद पाशाच्या काळात ज्यूंचा छळ सुरू झाला, तेव्हा हे कुटुंब आधी इराणच्या आखातावरच्या बुशहरला गेलं आणि १८३२ च्या सुमारास मुंबईला आलं. वेळ नेमकी साधली गेली, कारण १८३३ च्या कायद्यानं चीनच्या व्यापारातली ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी संपली. आठ मुलगे. त्यांतल्या एलियासला १८४४ मध्ये चीनला पाठवलं. कोण हाँगकाँगला, कोण शांघायला, कोण लंडनला. पेढी एक, मुलगे ठिकठिकाणी. १८५३ साली डेव्हिड ब्रिटिश प्रजाजन झाला, पण इंग्रजी फारशी येत नव्हती, म्हणून सही हिब्रूत केली. धंद्याची पत्रं बगदादी अरबी बोलीत, पण हिब्रू लिपीत लिहिलेली. आपले सावकार मोडीत चोपड्या लिहीत, तसंच. परक्याच्या हातात पडली तरी वाचता येऊ नयेत. ही हजारो पत्रं जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. याच घराण्याच्या एका शाखेतले, बगदादला जन्मलेले प्राध्यापक जोसेफ ससून यांनी ती वाचून २०२२ मध्ये 'द ग्लोबल मर्चंट्स' हा इतिहास लिहिला.

इथं एक गोष्ट आवर्जून सांगतो. रास्ता पेठेत आमच्या गल्लीत बेने इस्रायली कुटुंब होतं. आडनाव आपल्यासारखं 'कर' लागलेलं, बोली मराठी, पूर्वज कोकणातले तेली. शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनवार तेली'. मला वाटायचं ससून म्हणजे यांच्यातलाच मोठा माणूस. तसं नव्हतं. बगदादी मंडळी या मराठी ज्यूंना आपल्या बरोबरीचं मानत नसत. सोयरीक तर दूरच, दफनभूमीतही वेगळेपणा हवा असे. दोन्हीकडे तोरा एकच, शब्बाथ एकच. पण वाचताना वाईट वाटलं, आणि जरा ओळखीचंही वाटलं.

मुंबई आणि कोलकात्याचा धागा कुठं जुळतो? एका मुलीपाशी. डेव्हिड ससूनचा थोरला मुलगा अब्दुल्ला, म्हणजेच सर अल्बर्ट ससून, १८७५ च्या ससून डॉकवाला. त्याची मुलगी मोझेल. ती एलियास डेव्हिड एझराला दिली. एलियास १८८६ मध्ये वारला, आणि पुढच्याच वर्षी तिनं इथल्या मेडिकल कॉलेजच्या आवारात त्याच्या नावानं एझरा हॉस्पिटल उभं केलं, मुख्यतः ज्यू रुग्णांसाठी. पुण्याच्या ससूनचं काम १८६७ मध्ये पुरं झालं. देणारा डेव्हिड ते बघायला नव्हता, तो १८६४ मध्ये पुण्यातच वारला. म्हणजे आजोबांचा दवाखाना पुण्यात आणि नातीचा कोलकात्यात. हे जुळलं त्या रात्री मला झोप आली नाही. बायको म्हणाली, "बॅलन्सशीट टॅली झाल्यासारखं काय हसताय?"

पण टॅली झालेलं नव्हतं. पैसा कुठून आला, हे खातं राहिलंच होतं.

कापूस होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, मुंबईला कापसानं सोनं पिकवलं. एझरांकडे नीळ होती, रेशीम होतं, पुढे घरं-जमिनी आल्या. पण दोन्ही घराण्यांच्या धंद्यात मोठा माल होता तो अफूचा. पश्चिमेकडची अफू माळव्यातली. माळवा म्हणजे शिंदे, होळकर, पवार यांची संस्थानं, तेव्हा आपणही फार नाक वर करायला नको. तो माल मुंबईहून चीनला जाई आणि ब्रिटिश सरकार त्यावर कर घेई. पूर्वेकडची अफू बिहार आणि बनारस भागातली. तिथं तर सरकारचीच मक्तेदारी. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, भाव सरकारनं ठरवायचा, चीक पाटण्याला किंवा गाझीपूरला आणून घालायचा. पेट्या भरून इथं कोलकात्याला लिलाव व्हायचा आणि व्यापारी त्या विकत घेऊन हाँगकाँगला धाडायचे. १८७० नंतर जार्डिन मॅथेसनसारखी बडी इंग्रज पेढी यातून बाजूला झाली आणि ससून सगळ्यांत पुढे आले. हे सगळं तेव्हाच्या कायद्याला धरून होतं, हेही सांगायला हवं. हिंदुस्थानातून चीनला अफू पाठवणं बंद व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं.

इथं येण्याआधी मी तीन वर्षं पाटण्याला होतो. गुलजारबागला सरकारी छापखाना आहे, तिथं फॉर्मच्या कामासाठी जावं लागे. गंगेकाठच्या त्या जाड भिंतींची गोदामं पाहून मी म्हणायचो, छापखान्याला एवढ्या भिंती कशाला? ती अफूची कोठी होती. मी तिथल्या ओसरीवर बसून चहा प्यायलो आहे आणि मला काही माहीत नव्हतं.

पुढच्या सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा आईला हे सारं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण राहवलं नाही. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या चीनमधल्या बायकांच्या पोरांना कोणी दवाखाना बांधला का रे?" मी म्हटलं, मला माहीत नाही. परतीच्या दिवशी मला सोडायला स्टेशनवर आली. ससून आलं. तिनं हात जोडले, पण नेहमीपेक्षा जरा उशिरा. मी ते पाहिलं, बोललो नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १८६७ मध्ये एलियासनं वडिलांच्या पेढीतून फुटून स्वतःची पेढी काढली. १८९४ मध्ये सॉलोमन ससून वारल्यावर त्याची बायको फ्लोरा हिनं मुंबईची पेढी स्वतः चालवली. त्या काळात हे सोपं नव्हतं. तिचीच मुलगी रेचल सर डेव्हिड एझरांना दिली, म्हणजे दोन घरांत दुसऱ्यांदा सोयरीक झाली. बाकीचे हळूहळू लंडनला गेले आणि सरदार-दरकदार झाले. कोलकात्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चार-पाच हजार ज्यू होते. १९४७ नंतर ते इंग्लंड, इस्रायल, ऑस्ट्रेलियाकडे पांगले. आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, तेही वयस्कर. पार्क स्ट्रीटच्या ज्यू मुलींच्या शाळेत आता बहुतेक मुली मुसलमान आहेत. न्यू मार्केटमध्ये नाहूमची बेकरी आहे, तिथला केक तुम्ही नाताळात रांग लावून आणता.

मागच्या हिवाळ्यात मी नारकेलडांग्याच्या ज्यू दफनभूमीत जाऊन आलो. दगडांवरची हिब्रू मला वाचता येत नाही, पण इंग्रजी नावं वाचत गेलो. स्वतःचं, बापाचं, आडनाव. तिथला माणूस म्हणाला, "आपनार केउ आछे एखाने?" तुमचं कोणी आहे का इथं? मी नाही म्हटलं आणि मग उगाचच वाटलं की उत्तर चुकलं.

चिटणीस घड्याळ दाखवताहेत. ज्यांना मॅगन डेव्हिड बघायचं असेल त्यांच्यासाठी विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी दहाला मी कॅनिंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उभा राहीन. शनिवारी नको, त्यांचा शब्बाथ असतो. ओळखपत्र बरोबर आणा, पुरुषांनी डोक्यावर रुमाल घ्या. मुलांनाही आणा, रंगीत काचा बघण्यासारख्या आहेत. आता नाटिकेचा पडदा लावू द्या.