मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळ निराळी



मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये ताणून धरलेला दोरा हाच सर्वांत जवळचा मार्ग होय. सपाट नकाशावरील सरळ रेषा नव्हे.

दि. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले व कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. आज हाच प्रवास न थांबता नऊ-दहा तासांत होतो. जाताना पश्चिमेचे वारे विमानाला अडवितात, परतताना तेच साहाय्य करतात. म्हणून परतीस वेळ कमी लागतो.

परंतु वेळ केवळ वाऱ्यावर अवलंबून नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून युरोपकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला. इंधन वाढले, तास वाढले. शहरे मात्र जागच्या जागीच होती. अंतर भूगोल ठरवितो. वेळ ठरविण्यात राष्ट्रांच्या परस्पर संबंधांचाही वाटा असतो. शाळेत एक पृथ्वीगोल आणि हातभर दोरा असला, तरी हा धडा शिकविता येईल.